व्हिडिओतली आगगाडी एवढीशी, मग घ्यायची कुठली?

या खेपेला छंदाच्या पानावर आलेले प्रश्न बघितले तर सगळ्यांचा रोख एकाच बाजूला, मॉडेल रेल्वे आणि त्यातही छोटे स्केल (स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या मानाने मॉडेल किती लहान ते माप, एचओ, टीटी, एन, झेड ही त्यांचीच नावं). कारण उघड आहे, यूट्यूब चालू केलं की कोणीतरी तळहातावर इंजिन ठेवून सांगत असतो की एचओ विसरा आता, एन घ्या, टीटी घ्या, झेड घ्या. तर पाल्हाळ नको, प्रश्नांनाच लागूया.

प्रश्न : दादा, आम्ही फोंड्याला फ्लॅटमध्ये राहतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि मी स्वतः लहानपणापासून रेल्वेवेडा. भिंतीला लागून साडेसहा बाय अडीच फुटांची जागा आहे, त्यावर बायकोची परवानगीसुद्धा मिळाली आहे. पण जो व्हिडिओ बघावा त्यात एकच, जागा कमी तर एन स्केल, एचओचे दिवस संपले. खरंच तसं आहे का? — एक बाबा, फोंडा

उत्तर : परवानगी मिळालीय ना, मग अर्धं काम झालंच. आता हिशोब बघा. एचओ म्हणजे १:८७, खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा भाग, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. टीटी १:१२०, रूळ १२ मिमी. एन १:१६०, रूळ ९ मिमी (ब्रिटिश एन १:१४८ आणि जपानी बहुतेक १:१५०, पण सगळे ९ मिमीवरच धावतात). झेड १:२२०, रूळ ६.५ मिमी. नुसते आकडे वाचून काही कळत नाही, म्हणून आपल्या मडगाव स्टेशनवर उभा असतो तो एलएचबी म्हणजे नव्या धाटणीचा एक्सप्रेस डबा घ्या, कपलिंग धरून सुमारे २४ मीटर. तो एचओमध्ये साडेसत्तावीस सेंटीमीटर होतो, एनमध्ये १५, झेडमध्ये ११. बावीस डब्यांची गाडी जोडायची म्हटलं तर एचओमध्ये सहा मीटर, म्हणजे तुमच्या हॉलमधून सुरू होऊन किचनमध्ये संपेल, एनमध्ये ३.३ मीटर आणि झेडमध्ये २.४.

तुमच्या अडीच फुटांत, म्हणजे ७६ सेंटीमीटरमध्ये, एचओचा नेहमीचा घट्ट ३६० मिमी त्रिज्येचा गोल कसाबसा बसतो, पण त्यावर लांब डबे घातले की वळणावर डब्याचा मधला भाग आत आणि टोकं बाहेर अशी विचित्र दिसतात आणि कपलिंग ओढून उतरतात पण. शंटिंगचं छोटं इंजिन आणि चार वाघिणी असतील तर चालेल. त्याच फळीवर एनमध्ये काटो या जपानी कंपनीच्या युनिट्रॅक रुळांचा ३१५ किंवा ३४८ मिमी त्रिज्येचा गोल आरामात बसतो, दोन लाईनी होतात, स्टेशनला सात-आठ डब्यांची गाडी सरळ उभी राहते. म्हणजे जागेच्या बाबतीत व्हिडिओवाले खोटं बोलत नाहीत.

पण एचओ संपलं हे कोणी सांगितलं? हॅम्बुर्गचं मिनिआटूर वुंडरलँड २००१ साली सुरू झालं, आज तिथे सोळा किलोमीटरच्या आसपास रूळ आहेत, सगळा कारभार एचओमध्ये. आपल्या पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम १९९८ पासून आहे, तेही एचओच. सुट्टीत मुलाला घेऊन जा, स्क्रीनवर नाही तर डोळ्यांसमोर गाडी धावताना बघा आणि मग स्केल ठरवा.

आणि व्हिडिओत न दिसणारी गोष्ट म्हणजे हात. एनच्या डब्याचं चाक जेमतेम पावणेसहा मिलिमीटरचं. डबा उतरला की दोन बोटांत धरायचा, मान वाकडी करून रुळाच्या पातळीवर डोळा आणायचा, पुढची चाकं बसतात तोवर मागची उतरतात, आणि या सगळ्यात नऊ वर्षांच्या पोराची कोपराची धडक सिग्नलला. रिरेलर नावाची छोटी घसरगुंडी मिळते ती पहिल्याच दिवशी घ्या. मुलासाठी घेत असाल तर एचओचा साधा सेट, स्वतःसाठी घेत असाल तर एन, आणि मुलाचं नाव सांगून स्वतःसाठी घेत असाल (पत्रावरून तरी तेच वाटतंय) तरी एनच.

एकच अडचण, तयार भारतीय मॉडेल जे काही मिळतं ते बहुतेक एचओमध्ये. एनमध्ये लोक थ्रीडी प्रिंटची बॉडी काढून काटो नाहीतर टोमीटेक या जपानी कंपन्यांच्या चेसिसवर, म्हणजे चाकं-मोटरच्या सांगाड्यावर, चढवतात. आपलं मालगाडीचं डिझेल इंजिन डब्ल्यूडीजी-४ म्हणजे मुळात अमेरिकन ईएमडी कंपनीचं जीटी४६मॅक, म्हणून त्यांच्याच एसडी७०मॅकचं काटोचं चेसिस बघतात, लांबी थोडी जास्त भरते पण फुटभर लांबून कोण मोजतंय. आणि कोकण रेल्वेचं काही हवं असेल तर रो-रो करा ना, १९९९ पासून कोलाड ते वेर्णे ट्रक वाहून नेणारी गाडी, सपाट वाघिणी आणि त्यावर रंगीबेरंगी ट्रक, एनमध्ये जपानी कंपन्यांचे १:१५० चे ट्रक मिळतात ते रंगवायचे, मागे हॉर्न ओके प्लीज लिहायला मात्र केसाएवढा ब्रश लागेल.

प्रश्न : मला हे विचारायचंय की हे सगळे क्रिएटर एकदम छोट्या स्केलच्या मागे का लागलेत? कंपनी पैसे देते का? जाहिरात कुठली आणि खरं मत कुठलं हे ओळखायचं कसं? — कॉलेजविद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर : ताई, प्रश्न चांगला आहे आणि उत्तर जरा लांब आहे. पैसे हे एक कारण, पण पहिलं कारण कॅमेरा. मोबाईलच्या स्क्रीनवर एचओ इंजिन आणि झेड इंजिन एकाच आकाराचं दिसतं. मॅक्रो लेन्स लावली, पाठीमागे थोडं धूसर केलं, की बोटाएवढी गाडी मांडवी एक्सप्रेससारखी रुबाबात येते. म्हणजे मोठ्या स्केलचा जो फायदा, वजन, भव्यता, तो व्हिडिओत शून्य होतो आणि छोट्या स्केलचा जो तोटा, डोळे ताणणं, तोही शून्य होतो. मग राहिलं काय, तर कमी जागा, कमी सामान, आणि दोन फुटांचा लेआउट पाच-सहा भागांत पूर्ण होतो, लोकांना शेवट बघायला मिळतो. एचओचा खोलीभर लेआउट वर्षानुवर्षं चालतो, तेवढा धीर प्रेक्षकाला नसतो. शिवाय हे बरेचसे क्रिएटर स्वतः भाड्याच्या छोट्या घरात राहतात, उद्या घर बदललं की फळी उचलून न्यायची, त्यामुळे त्यांना ते मनापासून आवडतं पण, सगळंच नाटक नाही ते. जपानमध्ये तर घरं लहान म्हणून एनच राजा आहे, तिथे तर भाड्याचे लेआउट असतात, आपली गाडी डब्यात घालून न्यायची, तासाचे पैसे द्यायचे आणि दुसऱ्याच्या मोठ्या लेआउटवर चालवायची. पणजीला कोणी असं काढलं तर मी पहिला लाईनीत उभा राहीन.

आता धंद्याचा भाग. २०२२ मध्ये ब्रिटनच्या हॉर्नबीने टीटी म्हणजे १:१२० मध्ये नवीन रेंज काढली, रूळ बनवणाऱ्या पेको कंपनीने त्याच वर्षी त्याच स्केलमध्ये रूळ आणले. हा स्केल नवा नाही बरं का, पूर्व जर्मनीत तो पूर्वीपासून लोकप्रिय होता. पण ब्रिटनमध्ये नव्याने बाजार उभा करायचा म्हणजे लोकांना दाखवायला लागतं, हॉर्नबीने सुरुवातीला माल दुकानांत न ठेवता आपल्याच वेबसाईटवर विकला, म्हणजे दुकानात जाऊन हातात घेऊन बघायची सोयच नव्हती, मग लोक बघणार कुठे, व्हिडिओतच. नवीन वस्तू आली की रिव्ह्यू होतो, रिव्ह्यू झाला की व्ह्यूज, यात कोणी पैसे दिलेच पाहिजेत असं नाही.

ओळखायचं कसं? आपल्याकडे जाहिरात क्षेत्राच्या आस्की या संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम काढले, पैसे किंवा फुकट वस्तू मिळाली असेल तर व्हिडिओतच स्पष्ट सांगायचं. मग जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानेही तेच सांगितलं, नुसतं खाली डिस्क्रिप्शनमध्ये लपवून चालणार नाही, बोलून आणि दाखवून दोन्ही. फसवी जाहिरात ठरली तर २०१९ च्या ग्राहक कायद्याखाली पहिल्या खेपेला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तू बघतेस ते क्रिएटर निम्म्याहून जास्त परदेशी असणार, त्यांना त्यांच्या देशाचे नियम, ब्रिटनमध्येही जाहिरात असेल तर तसं लिहायला लागतं. यूट्यूबवर सुरुवातीला पेड प्रमोशनची पट्टी येते ती आधी बघायची, आणि डिस्क्रिप्शनमधली लिंक ज्या दुकानाची, त्या दुकानात नसलेल्या मालाबद्दल तो माणूस कधी चांगलं बोलतो का ते बघायचं. बोलत नसेल तर समजून जा.

पण लेबलपेक्षा मी दुसरंच बघतो. इंजिन थांबलेलं असताना हळू निघताना दाखवलंय का? साठच्या स्पीडची खरी गाडी एनमध्ये सेकंदाला दहा सेंटीमीटर जायला पाहिजे, म्हणजे तुझ्या वीत-दीड वीत अंतराला पूर्ण दोन-तीन सेकंद. व्हिडिओत ती सुसाट पळवतात, कारण हळू चालवली की घाणेरड्या रुळावर अडखळते आणि ते दिसतं. दुसरं, सांध्यावरून म्हणजे पॉइंटवरून जाताना शॉट कापलाय का. तिसरं, गाडी धावताना खरा आवाज ठेवलाय की वरून म्युझिक घातलंय. एनचं इंजिन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचं, चाकाचा रुळाशी संपर्क मुळातच हलका, त्यात छोटी मोटर किणकिण करते, म्हणून म्युझिक. जो माणूस कट न करता, म्युझिक न घालता, पाच मिनिटं गाडी रांगवून दाखवतो त्याचं मत मी ऐकतो, मग त्याला इंजिन फुकट का मिळालं असेना.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६८. लहानपणी मामाच्या गावाला जाताना कुळेहून मीटर गेजची गाडी धरायचो, ती आठवण करून ठेवायची आहे. नातू म्हणतो झेड घ्या, एवढ्याशा टेबलावर सगळा दूधसागर बसेल. बसेल का? माझा हात थोडा थरथरतो. — एक मास्तर, डिचोली

उत्तर : मास्तर, नमस्कार. नातवाला म्हणावं, आधी गुणाकार-भागाकार कर. दूधसागर ३१० मीटर उंच धरतात. एचओमध्ये तो साडेतीन मीटर होतो, म्हणजे छत फोडून वर. एनमध्ये १.९४ मीटर, तुमच्या-माझ्यापेक्षा उंच. झेडमध्येसुद्धा १.४ मीटर, आणि तो टेबलावर ठेवला की पंख्याला लागतो. पूर्ण धबधबा टेबलावर बसवायचा तर १:४५० चा टी गेज लागेल, त्यात ६९ सेंटीमीटर, पण त्यातलं इंजिन तुम्हाला चष्मा लावूनही शोधावं लागेल. म्हणून सगळे काय करतात, तर पूल, त्याच्यावरचा थोडा पांढरा फेस आणि खालचा थोडा, बाकी ढगात सोडून द्यायचं. पावसात तिथे तसंही तेवढंच दिसतं.

आता मीटर गेज, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर. ही गोष्ट व्हिडिओत कोणी सांगत नाही कारण ती आपल्यासारख्यांच्याच कामाची. मुरगावहून कॅसलरॉकपर्यंतची लाईन पोर्तुगीज काळात १८८० च्या दशकात घातली ती मीटर गेजची, ब्रॉडगेज झाली नव्वदच्या दशकात. आपल्या ब्रॉडगेजचं माप १६७६ मिमी, ते एचओच्या १६.५ मिमी रुळांवर किंवा एनच्या ९ मिमीवर उभं केलं की रूळ सातव्या हिश्श्याने अरुंद दिसतात, माहीत असलेल्याला खटकतं. पण मीटर गेजचं गणित छान जुळतं. एक मीटर भागिले १६० म्हणजे ६.२५ मिमी, म्हणजे झेडच्या ६.५ मिमी रुळांवर एन स्केलची बॉडी. आणि एक मीटर भागिले ८७ म्हणजे साडेअकरा मिमी, म्हणजे टीटीच्या १२ मिमी रुळांवर एचओची बॉडी.

तुमच्यासाठी हा दुसरा मार्ग. डबे एचओच्या मापाचे, हातात धरायला बऱ्यापैकी मोठे, मीटर गेजचे डबे ब्रॉडगेजपेक्षा आखूड असल्यामुळे जागाही कमी खातात. आणि सध्या टीटीचा जो गाजावाजा चाललाय त्यामुळे १२ मिमीचे रूळ पूर्वीपेक्षा सहज मिळतात, तेव्हा त्या टीटीवाल्या पोरांना शिव्या घालू नका, नकळत तुमचंच काम करतायत. टीटीच्या रुळांचे स्लीपर एचओच्या मानाने बारीक आणि जवळजवळ असतात, ते खडीत पुरून टाकायचे. बॉडी नातवाकडून काढून घ्या, थ्रीडी प्रिंटर कुठल्यातरी मित्राकडे असणारच. वायडीएम-४ या मीटर गेजच्या डिझेल इंजिनाचं ड्रॉइंग, घाटाचे जुने फोटो, हे तुम्ही जमवा.

चढाचं सांगतो. घाटात चढ आहे सदतीसला एक, म्हणजे मीटरभर जाताना २.७ सेंटीमीटर वर. मॉडेलमध्येही लोक दोन-तीन टक्क्यांवर जात नाहीत, म्हणजे खरा घाटच जसाच्या तसा करता येतो. इंजिन दमलं तर खऱ्यासारखं मागे बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावा, कुळेला लावायचे तसं. हाताच्या थरथरीला उपाय एकच, कपलिंग हाताने जोडायचं नाही, चुंबकावर उघडणारं घ्या, आणि फळी छातीच्या उंचीला लावा, कोपर टेकवून काम होतं.

प्रश्न : चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगतो ती फळापानांची चौकट), गणपतीच्या सभोवार गाडी फिरवायची आहे. एन स्केल घेऊ का, व्हिडिओत फार सुंदर दिसते. — मडगाव

उत्तर : नको. हॉलमध्ये माणसं उभी राहणार पाच-सहा फुटांवर, तिथून एनची गाडी म्हणजे मुंगळ्यांची रांग. एचओचा स्वस्तातला सेट घ्या, वेगळ्या फळीवर, माटोळीच्या बरोबर खाली नको कारण वरून बांधलेली फळं-पानं गळतात, नारळाची शेंडी रुळावर पडली तरी गाडी अडते, आणि समईच्या तेलाचा एक थेंब रुळावर आला की चाकं तिथेच फिरत बसतात. आरतीच्या वेळी बंद ठेवा. डोंगर-बोगदा करायला दिवाळीला नरकासुराचा पुतळा करणाऱ्या वाड्यावरच्या पोरांना बोलवा, थर्माकोल आणि कागदाच्या लगद्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही.

प्रश्न : अंकल मी सातवीत आहे. टी गेजचा व्हिडिओ बघितला, ट्रेन बोटाच्या नखाएवढी रुंद पण नाही!! मला पाहिजे. पप्पा नको म्हणतात. — वाळपई

उत्तर : बाबू, पप्पांचं बरोबर आहे, पण कारण मी सांगतो. ३ मिमीचे रूळ, जपानी डोक्यातून निघालेली गोष्ट, बघायला भारी. पण एक केस चाकात अडकला की गाडी बंद, आणि उघडून दुरुस्त करायची म्हणजे घड्याळजीच लागतो. आणि बाहेरून मागवताना कस्टम बघायला लागतं, स्केल मॉडेलसुद्धा कस्टमच्या भाषेत खेळण्यांतच मोजतात आणि खेळण्यांवरची ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के केली, २०२३ मध्ये ७०. तेव्हा पप्पांना आधी ऑर्डरच्या दिवशीचा दर बघायला सांग, वस्तूच्या किमतीवर शिपिंग, त्यावर ड्युटी, त्यावर जीएसटी, एवढं सगळं वहीत लिहून त्यांना दाखव. मग ते काय म्हणतात बघू. तोपर्यंत पुठ्ठ्याचं स्टेशन कर, १:१६० मध्ये, दार सव्वा सेंटीमीटरचं होतं.

प्रश्न : घर वास्कोला, बंदराजवळ. एन स्केलची गाडी उन्हाळ्यात मस्त चालायची, जून लागला की अडखळते, लाईट फुकफुक करतात. कंट्रोलर बदलू का? — वास्को

उत्तर : कंट्रोलरला हात लावू नका, हवा खारी आहे तुमची. रूळ निकेल सिल्व्हरचे असले तरी त्यावर ओल आणि धूळ मिळून काळा थर धरतो, आणि हलक्या इंजिनाला तो फोडता येत नाही. एचओचं जड इंजिन तोच थर सहन करतं, म्हणून युरोपातल्या कोरड्या खोलीतला व्हिडिओ बघून आपल्याकडच्या पावसाचा अंदाज येत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती कापडावर घेऊन रूळ पुसा, कापड काळं येणं थांबेपर्यंत, आणि इंजिनाची चाकंही त्याच कापडावर फिरवून घ्या. सँडपेपर अजिबात नको, चरे पडतात आणि त्यात घाण आणखी लवकर बसते. रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटवर विश्वास ठेवू नका, दर थोड्या अंतरावर खालून वायर सोल्डर करून करंट द्या, पावसाळ्यात फुकफुक बहुतेक वेळा तिथूनच येते.

फळी एमडीएफची असेल तर पुढच्या जूनपर्यंत ती फुगून रूळ वाकडे करेल, आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय घ्या, कापलेल्या कडांनाही रंग किंवा वॉर्निश मारा. गाड्या लेआउटवर ठेवून जाऊ नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि जेल दर महिन्याला ओव्हनमध्ये सुकवा. कंपनीचे पुठ्ठ्याचे खोके मात्र वेगळे, वरच्या कपाटात, त्यांना बुरशी आधी लागते आणि विकायला काढलं तर गिऱ्हाईक पहिल्यांदा खोकाच मागतं.